अकरा दात

दर मंगळवारी दोन वाजता
मी तोकुझो फुनाकींच्या दारात बुटांवरचा बर्फ झाडते.
ओगाच्या किनाऱ्यावरचं शेवटचं घर.
पिशवीत माझी हत्यारं: बाळाचा असावा एवढा ब्रश,
काडीवरचा स्पंज, बारका आरसा, कपाळाला बांधायचा दिवा.
म्हातारा दिवा बघतो आणि ओठ मिटतो.

पहिले तीन मंगळवार मी दाताच्या कण्या केल्या.
(माझ्याच. त्यांच्याकडे तेवढे दात नाहीत.)

झटक्यात वाचा गेली, उजवा हात गेला,
हट्ट तेवढा शाबूत.
चौथ्या खेपेला मी तोंडाकडे फिरकलेच नाही.
खांद्यापासून सुरुवात केली.
खांदा, मान, कानामागचा खळगा,
मग गालावर नुसता तळवा, बराच वेळ.
जबडा आपसूक सैलावला.

मोजले. वर चार, खाली सात.
एक सुळा काळा, दोन दाढा एकमेकींवर रेललेल्या,
आणि डाव्या गालाच्या कप्प्यात
सकाळचा भात, कालचं गाजर,
परवाची गोळी, अख्खी.

"एवढं काय घासायचं? जेवतात कुठे ते?"
मित्सुएबाई उशाशी उभ्या होत्या.
म्हटलं, जेवत नाही त्याचंच तोंड जास्त मळतं.
लाळ आटते, थर बसतो,
रात्री झोपेत तो घशातून छातीत उतरतो.
या गल्लीत न्यूमोनियाने गेलेली माणसं
त्यांना नावानिशी ठाऊक.
त्यांनी बाह्या वर सारल्या.

मग मी दाखवलं.
ब्रश पेनासारखा धरायचा, मुठीत नाही.
मागच्या दाढेपासून यायचं, पुढचे दात शेवटी;
पुढे माणूस लाजतो.
दात आणि हिरडीच्या शिवेवर केस तिरके टेकवायचे,
तांदळाच्या दाण्याएवढेच हलवायचे.
जोर लावला की हिरडी मागे सरते,
आणि गेलेली हिरडी परत येत नाही.
पाणी नको, ठसका लागेल.
ओल्या स्पंजाने आतून बाहेर पुसत यायचं.
जीभसुद्धा.

"एकसष्ट वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या,
"यांच्या तोंडात कधी डोकावले नव्हते."
दिव्याच्या उजेडात बघत राहिल्या,
नवऱ्याच्या बोटीच्या तळात पहिल्यांदाच उतरल्यासारख्या.
"ही खाच दोरीची असणार.
हात अडकलेले असले की दातांनी ओढायचे."

ब्रश त्यांच्या हाती दिला
आणि तोकुझोंनी तो चावून धरला.
सोडेनात.
शेगडी घुरघुरत होती. खिडकीवरून बर्फाचा ढिगारा घसरला.
आम्ही दोघी एका दांडीला धरून उभ्या.

मित्सुएबाई स्वयंपाकघरात गेल्या
आणि डबीच्या झाकणात काळी पूड घेऊन आल्या.
वांग्याची देठं जाळून, मीठ घालून केलेली राखुंडी.
सासूबाईंची कृती. माकुलाच्या बोटीवर
हीच डबी असायची त्यांच्या खिशात.

मी नको म्हणायला हवं होतं.
भरड पूड दात झिजवते, हे मी शाळाशाळांतून सांगत फिरते.
म्हटलं, चिमूटभर. अगदी बारीक वाटून.

वास गेला आणि तोंड उघडलं.
इतकं मोठं, की मला दिव्याची गरज उरली नाही.
ओठ काळे, हनुवटी काळी, उशीचा अभ्रा काळा,
मित्सुएबाईंना हसू आवरेना,
आणि पांघरुणातून त्यांचा डावा हात वर आला.

ब्रश घेतला. मुठीत.
आणि आडवा, खसाखसा, डेक धुतल्यासारखा,
मी जे जे करू नका म्हटलं होतं ते सगळं.

दहा आकडे मोजेपर्यंत करू दिलं.
मग मूठ हलकेच वळवली, तिरकी,
त्यांनी ती परत सरळ केली.

गाडीत बसून फॉर्म भरला.
दात: अकरा. हिरड्या: सुजलेल्या, किंचित रक्त.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
रुग्ण स्वतः घासतो. पद्धत चुकीची.