आवक-जावक

फाटकाशी, रखवालदाराच्या खोलीला चिकटून
पत्र्याचा तिरका आडोसा. त्याखाली
अकरा सायकली, एक पंप, गोणपाटावर पान्हे
आणि ही दोनशे पानी वही,
जिच्यावर आधीच्या मालकाने लिहिलंय : सांख्यिकी, सत्र दुसरे.
सांख्यिकी सहाव्या पानावर संपते.
पुढे आम्ही.

हायवेपासून विभागापर्यंत पावणेदोन किलोमीटर चढ.
विद्यापीठाची बस मंजूर आहे.
मी आले तेव्हाही मंजूर होती.
मग वसतिगृहामागच्या बाभळीतून
इरफान तडवीने सांगाडे ओढून काढले.
त्याच्या बापाचं यावलला पंक्चरचं दुकान,
त्यामुळे त्याला हवा ऐकू येते, कुठून जातेय ते.
पैसे नाहीत. नाव, वेळ, नंबर लिहायचा
आणि एक रकाना : कारण.

कारण, म्हणजे काय लिहायचं, विचारतात नवे.
लिहा काहीही.
उशीर. उशीर. लायब्ररी. उशीर. मेसचं दूध संपलं.
भौतिकशास्त्राच्या हेमराज झोपेने
आठवडाभर एकच शब्द लिहिला : उतार.

सकाळी आठ चाळीसची चोपडा-जळगाव
पोरांसाठी थांबत नाही, डबल बेल मारून जाते.
डब्यांसाठी थांबते.
कंडक्टर खिडकीतून पिशव्या खाली देतो,
कापडावर आयांनी शिवलेली नावं,
आणि मंगळवार-गुरुवार मी दोन्ही हँडलांना
धरणगावचं भरीत, अडावदची शेवभाजी लटकवून
उभी राहून पेडल मारत वर जाते.
ऊन चव्वेचाळीसवर असतं तेव्हा
डबे बाहेरूनही गरम लागतात.

रायली बारेला सातपुड्यातून आलेली,
झाडावर चढायची, सायकलवर नाही.
तिला मी रविवारी शिकवली, ग्राउंडच्या कडेने.
मागून धरलंय असं सांगत सोडून दिलं,
आणि तिला कळलं, आणि ती थांबली नाही.

बारा फेब्रुवारी. पहाटे पाच पन्नास.
नंबर सात. रायली बारेला.
कारण : कोरं.

सात नंबर दुपारी आली नाही. रात्री आली नाही.
तिच्या खोलीत पलंगावर चादर नीट घडी केलेली.
फोन बंद. आमची पाच जणांची समिती
मेसच्या मागच्या टेबलावर बसली.
तक्रार करू, कुणी म्हणालं. अनामत ठेवायला हवी होती.
मी वही मिटून मांडीखाली घेतली.
कुणी म्हणे तिला आश्रमशाळेत लावून घेतलं,
कुणी म्हणे लग्न.
इरफान म्हणाला, मागच्या चाकात हवा कमी होती.
तो तेवढंच म्हणत राहिला.

एकोणीस दिवसांनी आठ चाळीसची गाडी
डब्यांच्या वेळेपेक्षा जास्त थांबली.
ड्रायव्हर खाली उतरला. टपावरून दोर सुटला.
‘हाई तुमनीच शे ना?’ कंडक्टर म्हणाला.
कुणी दिली? ते त्याला ठाऊक नव्हतं,
स्टँडवर कुणी भाऊ चढवून गेला होता,
तिकीट काढून, सामानाचं.

मागचा टायर नवा. सीटवर धुतलेला रुमाल बांधलेला.
आणि हँडलला घंटी.
आमच्या अकरांपैकी एकीलाही घंटी नाही,
आम्ही तोंडाने ओरडतो, बाजू, बाजू.

आवक : नंबर सात. आठ बेचाळीस.
परत आणणाऱ्याचं नाव विचारायला
तोवर गाडी गिरणेच्या पुलाकडे लागली होती.
मी रकाना तसाच सोडला. तिचाही भरला नाही.

मेमध्ये माझी खोली रिकामी होईल.
किल्ल्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडे देतेय,
कुठलं कुलूप झटका दिल्याशिवाय उघडत नाही,
कुठला प्राध्यापक नेतो आणि नोंद करत नाही.
त्यातल्या एकाने वही पुढे ओढली,
नंबर सात, नऊ पाच,
आणि कारणात लिहिलं :
घंटी कशी वाजते बघायला.

चढावर वाजवू नको, म्हटलं. दम पुरत नाही.
तो केव्हाच निघाला होता.