भांडी घासते

मिनेसोटाच्या वरच्या अंगाला, तळ्याकाठी,
ऑगस्टातले सहा दिवस.
अर्जात विचारलं होतं : तुम्हाला काय काय येतं?
होडी वल्हवता येत नाही. गिटार येत नाही.
मुलांशी काय बोलावं, तेही फारसं नाही.
लिहिलं : भांडी घासते.
पोस्टातून निवृत्त. गुडघे बरे आहेत.

नव्वद मुलं, तीन वेळा. करा हिशेब.

सकाळी आठला घंटा होते,
जेवणघराच्या दाराशी रांग लागते.
नर्स मार्लिस नाव पुकारते, तळहातावर गोळ्या ठेवते,
मुलं पाणी पितात, जीभ काढून दाखवतात,
काहीजण गरजेपेक्षा जरा लांबच.
घरी ह्याच गोळ्या मोज्यात असतात,
तांदळाच्या डब्यात, नाहीतर बाटलीत,
जिचं लेबल नखाने खरवडलेलं.
कोर्टोने सांगितलं, ताटल्या पुसता पुसता :
मैत्रिणीकडे राहायला गेले ना,
की मी बाथरूममध्ये नळ सोडून गिळते.
इथे गोळी गिळून झाल्या झाल्या
ती मागच्याशी भांडत होती, धक्का दिला म्हणून.

मागचा म्हणजे तिचाच भाऊ, फ्लोमो. आठ वर्षांचा.
आईच्या रक्तात आहे, बहिणीच्या आहे,
ह्याच्या नाही.
तरी रोज रांगेत.
मार्लिस म्हणाली, बाळा, तुझं नाव नाही यादीत.
तो म्हणाला, घरीपण नसतं.

मार्लिसने इकडेतिकडे पाहिलं.
माझ्या हातात निवडायच्या ब्लूबेरी होत्या.
त्यातली एक तिने त्याच्या तळहातावर ठेवली,
वहीत खरंच काहीतरी लिहिलं.
चावायची नाही, म्हणाली.
त्याने चावली. जीभ दाखवली.
जांभळी.

मला एक भाऊ होता, लायल.
एक्याण्णवच्या हिवाळ्यात घरी परत आला
तेव्हा कोट खुंटीला असावा तसा अंगावर होता.
आईने त्याच्यासाठी एक कप वेगळा काढला,
निळ्या काठाचा.
कोणी काही बोललं नाही. कपाचा खिळा फक्त बदलला.
तो धुवायचं माझ्याकडे :
रबरी हातमोजे, ब्लीच, उकळतं पाणी,
पुन्हा उकळतं पाणी.
एकदा वळले तर लायल दारात.
म्हणाला, आर्डिस, रंग जाईल गं त्याचा.
चेष्टेनेच म्हणाला.
मार्चमध्ये तो गेला. रंग होता तसाच होता.

कळत नव्हतं म्हणून केलं,
असं मी बरीच वर्षं सांगितलं.
पण पत्रक आलं होतं. सरकारी, घरोघर.
कपाने काही होत नाही, त्यात स्वच्छ छापलेलं.
माझ्या भागातल्या चारशे दारांत
मीच टाकलं होतं ते.

इथले कप प्लॅस्टिकचे, पिवळे, एकात एक अडकलेले.
कुठला कोणाचा, कळायला मार्ग नाही.
उघड्या हातांनी घासते.
ह्यात शौर्यबिर्य काही नाही,
हातमोज्यांनी मला पुरळ येतं, एवढंच.

शेवटच्या दिवशी बस यायच्या आधी
कोर्टो मागच्या दाराने आली.
कुशीत बाटली. नवीन, महिन्याभराची.
जाळीच्या दाराला डास चिकटलेले,
तळ्यावर कुठेतरी तो पक्षी, वेड्यासारखा हसणारा.
ती नखाने कोपरा उचकटत होती.
मी म्हटलं, तसं नको. चिकट राहतं मागे.
गरम पाण्यात धर. सोड थोडा वेळ.

हे मला येतं.

थांबवायला हवं होतं का मी तिला?
सहा दिवसांचा सगळा खटाटोप कशासाठी होता मग?
पण सोमवारी शाळा तिची होती, माझी नव्हती.

लेबल अख्खं सुटलं, न फाटता.
माझ्या तळहातावर ओला कागद :
तिचं नाव, आडनाव, जन्मतारीख, रोज एक.
बाहेर बसचा हॉर्न.
ते कुठे ठेवायचं,
आम्हा दोघींनाही सुचेना.