हेडाऊबाई

मे महिना. गोळीबार चौकात
नळ कोरडे, सतरावा दिवस.
बोलणारे पुष्कळ होते, माइकवाले.
हेडाऊबाई काही बोलली नाही.
रिकामी गुंडी कमरेवर घेतली अन्
निघाली महापालिकेकडे, भर उन्हात,
मागे न पाहता.

आम्ही काहून गेलो तिच्या मागं?
आवाज म्हणाल तर चिरका. उंची बेताची.
पोराचं नाव मी एकदाच सांगितलं होतं तिला,
तीन वर्षांआधी, रेशनच्या रांगेत.
परवा नळावर म्हणाली,
"काय वो, हर्षलचा दमा कसा हाय?"

संविधान चौकात मात्र
ती थांबली. पदर सारखा केला.
बोटं थरथरत होती.
कोणाला दिसलं, कोणाला नाही.

तिथून पुढं मी
तिच्या मागं नाही,
बाजूनं चालले.