तिसरी पाळी

आधी कंपनीला फोन केला.
म्हटलं, दोन ते चार घंटी वाजली तर
माणूस धाडू नका, मीच असेन स्टुलावर.
मग मेन बंद. मग डब्यातली बॅटरी.
ही बॅटरी लोक विसरतात.
आयटीआयच्या पोरांना मी पहिलं हेच शिकवते:
लाईट गेली म्हणून यंत्र झोपलं असं समजू नका,
आत एक काळी वीट असते, रात्रभर जागी.

नायना खाली खुर्चीत. "काय करलालीस गं?"
"जागा बदलते याची."
"कुणाची?"
"या डोळ्याची."
ड्रिलची धूळ त्यांच्या टोपीवर बसली, तसे पुन्हा,
"काय करलालीस?"

चोरी झाली तेव्हा बसवला होता हा,
आईच्या पाटल्या गेल्या त्या दिवाळीनंतर.
मे महिन्यात दुपारी तो आंधळाच असतो;
सोलापुरात तेव्हा भिंत आणि माणूस
एकाच तापाला आलेले असतात, ओळखणार कुणाला?
रात्री तीनला मात्र ओळखतो.
गेल्या गुरुवारी ओळखलं.
नायना पॅसेजमधून निघाले आणि सगळी साखर पेठ उठली.
समोरचे चिलवेरी काठी घेऊन आले, लुंगी सावरत.
नायना घाबरले नाहीत.
त्यांचा चेहरा कधी नव्हे तो उजळला.
"भोंगा झाला," म्हणाले, "डबा दे."
मी चपला शोधतेय तोवर अशोक चौक ओलांडून गेले,
रिकामा डबा हातात,
जिथं आता मंगल कार्यालय आहे त्या गेटाशी
उभे, पाळीला उशीर झाला म्हणून
वॉचमनची माफी मागत.
वॉचमन बिहारचा पोरगा. त्यानं त्यांना खुर्ची दिली.

झाकण काढलं. एरवी झाकण काढलं तरी ओरडतं ते.
आत चार तारा: लाल, काळी, पिवळी, हिरवी.
मोबाईलवर फोटो, प्रत्येकीला चिकटपट्टी, पट्टीवर आकडा.
टोकाला तिळाएवढा रेझिस्टर,
तो राहिला तर यंत्राला वाटतं वायर कुणी कापली.

दाराच्या बाजूला नेताना पिवळी दीड हात कमी पडली.
मी तुकडा शोधायला वळले.
"तेगिंदा?" मागून आवाज. तुटला का?
महिन्याभरात हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर खरंच हवं होतं.
"तुटलाय नायना."
ते उठले. दोन टोकं मागितली.
बॅटरी बाहेर होती म्हणून देता आली.
तांबं सुतासारखं ऐकत नाही,
पण अंगठा फिरला, नख लागलं, एक पीळ,
आणि उरलेलं टोक दातांनी तोडायला गेले, तेवढं मी अडवलं.
एवढीशी गाठ. मागाच्या फणीतून सरकून जाईल अशी.
माझ्या पोरांनी असा जोड दिला असता
तर मी मार्क कापले असते.
मी तिच्यावर सोल्डर ओतलं, वरून टेप.
सोडवली नाही.

शेवटी चालून बघायचं असतं.
"नायना, जरा चाला."
ते चालले तसेच, अंग तिरकं करून,
दोन्ही बाजूंना माग असल्यासारखे,
उजवा हात हवेतच कशावर तरी ठेवत, उचलत.
पॅसेज: लाल दिवा नाही.
मोरी: नाही.
तुळशीच्या कुंडीशी वाकले, काहीतरी पुटपुटले. नाही.
बाहेरच्या दाराच्या कडीला हात लागला
आणि माझ्या उशीजवळ ठेवलेल्या डबीत
एकदा, हळू, वाजलं.
मोठा भोंगा त्या बाजूला जोडलाच नाही मी.

बॅटरी परत. मेन परत. कंपनीला फोन.
तिकडची मुलगी नोंद घेत म्हणाली,
"मॅडम, आता दार कुठल्या बाजूनं राखायचं?"
"आतल्या."
ती थांबली. तिच्या फॉर्ममध्ये ते नव्हतं बहुतेक.
"इतर, असं लिहू?"
"लिहा."

नायना अजून दारापाशीच.
"काय करलालीस गं?"
"झालं नायना. बसा. पाणी देते."