मुकं पेडल

शाणू गावडे उसगावच्या गॅरेजात गाडी घेऊन आला,
म्हणाला, पेडल मुकं झालंय.

मुकं म्हणजे?

म्हणजे बोरीच्या पुलावर सांधे लागायचे
तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्याला मोजून दाखवायचा,
एक, दोन, जरा थांबून तिसरा.
धारबांदोड्याला ट्रकांनी उखडलेला पट्टा आला
की क्लच दात खायचा.
आणि फोंड्याकडे नवं डांबर लागलं की
तळव्याखाली झोपलेलं मांजर, घुरघुरणारं.
आता सगळा रस्ता सारखाच.
कुणी गोवाभर गादी अंथरलीय की काय!

मी माउंटिंग बघितली, बुश बघितले,
टायरची हवा, ब्रेकच्या डिस्क.
सगळं जिथल्या तिथे.
मग चपला काढून मीच बसलो,
चिऱ्याच्या खाणीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला घातली गाडी.
पेडल बोलत होतं.
इतकं, की पोटरीपर्यंत मुंग्या आल्या.

परतलो तर तो स्टुलावर,
अनवाणी. वीस वर्षं टॅक्सी अशीच चालवतो,
बुटात रस्ता ऐकू येत नाही म्हणतो.
उजव्या तळव्यात एक स्क्रू रुतलेला,
माझ्याच बाकाखालचा.
फरशीवर रक्ताचा लहानसा ओघळ,
ग्रीसमध्ये मिसळून काळा होत चाललेला.

त्याचं लक्षच नव्हतं.
चहात तिसरा चमचा साखर ढवळत होता.

"सापडलं काय?" त्याने विचारलं.

मी त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला.
चावी खिशातच राहू दिली.