सोळा-अठरा-अठरा-अडतीस

तापकीर गल्लीत, जिन्यावरून वर, नियाज तांबोळीच्या काउंटरवर
दोन पट्ट्या. आठ-आठ जीबी.
स्टिकरवर मुंगीएवढ्या अक्षरांत
सोळा-अठरा-अठरा-अडतीस.
मी म्हटलं, हे राहू द्या, बत्तीसशेच्या छत्तीसशेवर पळतील का?
बाणेरच्या बिल्डरला बुधवारी बंगला दाखवायचाय,
रेंडर रात्रभर रांगतंय.
तो म्हणाला, मॅडम, पळतील हो.
पण आधी त्या थांबतात किती, ते वाचा.

वारज्याला येऊन लाइट बिलाच्या पाठीवर
चार आकडे लिहिले.
बाबा पलीकडून बघत होते. खडकीच्या कारखान्यात
एकतीस वर्षं स्टोअरकीपर;
कागदावर आकडे दिसले की त्यांना चष्मा लागतो.
काय आहे हे?
मी सांगत गेले. ओळ उघडायला इतके ठोके,
मागितल्यापासून हातात पडेपर्यंत इतके,
मग ओळ मिटायला इतके,
आणि एकदा उघडली की निदान इतका वेळ उघडी ठेवायचीच.

बाबा कधीच लगेच बोलत नाहीत.
मला वाटतं ऐकलंच नाही, मी पुन्हा सांगायला लागते,
आणि नेमके तेव्हा ते बोलतात.
म्हणजे कपाट उघडायचं, खण गाठायचा, माल द्यायचा,
आणि दुसऱ्या कपाटाला किल्ली लावण्याआधी
पहिलं बंद.
नवीन पोरं दोन्ही उघडी टाकायची.
मार्चच्या मोजणीत वॉशर निघायचे स्प्रिंगांच्या खणात.

छत्तीसशेला अठरा मागत होती पट्टी.
मला वाटलं, हा तर तोटा. वेग वाढला आणि थांबणंही वाढलं?
पेन्सिलीनं भागाकार केला.
बत्तीसशेला सोळा ठोके: दहा नॅनोसेकंद.
छत्तीसशेला अठरा: दहाच.
ठोके बारीक झाले, थांबणं तेवढंच राहिलं.
दहा नॅनोसेकंदांत उजेड तीन मीटर जातो,
आमच्या ओट्यापासून बाबांच्या खुर्चीपर्यंत.

तरी हाव सुटेना.
छत्तीसशेवर सोळाच ठेवले, सगळे आकडे आवळले.
पडदा काळा. पंखा मात्र जोरात,
काही न सापडलेल्या माणसासारखा.
बटण दाबलं, सोडलं, दाबलं.
शेवटी झाकण उघडून नाण्याएवढा सेल काढला
आणि पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसले.

चालू झालं तेव्हा मशीन सगळं विसरलं होतं.
तारीख दाखवत होतं एक जानेवारी, सात वर्षांपूर्वीची.
त्या दिवशी आई होती.
बहुतेक तिळाचे लाडू वळायची तिला भलतीच घाई झाली होती,
संक्रांत दोन आठवडे लांब असूनही.
तारीख बदलायला चार कळा लागतात.
मी बराच वेळ घेतला.

मग अठरा-वीस-वीस-चाळीस.
तपासणी रात्रभर लावली.
पहाटे तिसऱ्या फेरीत एक चूक,
अब्जावधी घरांतल्या एका घरात
शून्याच्या जागी एक.
दुसरा आकडा एकानं सैल केला. पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी उठले तर हिरव्या अक्षरांत: चुका शून्य.
बिल टेबलावरच होतं.
मी खोडून खोडून लिहिलेल्या आकड्यांखाली
बाबांनी लाल पेननं, जुन्या सवयीनं,
'मोजून घेतले' असं लिहून
सही केली होती,
आणि आजची तारीख.