शून्याचे वीस टक्के

अंबडला, गाळा नंबर बत्तीसचं शटर
सत्तर दिवसांनी वर केलं.
लेथच्या बेडवर तांबूस गंज,
चकात तसाच धरलेला
अर्धा कापलेला बुश,
मार्चमधल्या कुठल्या तरी शुक्रवारचा.

सिडकोच्या शाखेत ढिकले मॅडम
काचेपलीकडून, मास्कआडून म्हणाल्या,
तारण नको, हमी सरकारची,
पहिलं वर्ष नुसतं व्याज.
फक्त एवढं सांगा,
एकोणतीस फेब्रुवारीला
बँकेची तुमच्याकडे बाकी किती होती?
तिचे वीस टक्के मिळतील.

चार वर्षांतून एकदा उगवणारा दिवस.
त्या दिवशी मी कुणाचं काही लागत नव्हतो.
अण्णा तांबट आळीत घागरी ठोकायचे,
म्हणायचे, उसन्या हातोडीचा घाव आपला नसतो.
म्हणून मशीनही जुनं घेतलं, रोखीनं,
बायकोच्या पाटल्या मोडून.
तिनं ते कुठं लिहून ठेवलंय का,
मी कधी विचारलं नाही.

मॅडमनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
शून्याचे वीस टक्के.
पुन्हा एकदा करून दाखवले,
माझ्या समाधानासाठी.

शेजारच्या रफिक कोकणीची बाकी एकोणीस लाख.
त्याच्या फोनवर बँकेचा निरोप आपणहून आला,
तीन लाख ऐंशी हजार, फक्त सही करा.
खोटं कशाला बोलू,
जन्मात पहिल्यांदा
दुसऱ्याच्या कर्जाचा हेवा वाटला.

गुरुवारी तो दारात उभा,
हातात माझंच डिसेंबरचं बिल,
चहाचा डाग पडलेलं.
एकसष्ट हजार चारशे.
‘निम्मे आत्ता घे. बाकीचे चाकणची पार्टी सुटली की.’
‘अरे, कर्जाचे पैसे आहेत तुझ्या.’
‘आता थोडे तुझ्याही,’ म्हणाला,
आणि हात पुढं केलेला
आठवण होऊन मागं घेतला.

त्यातले बारा हजार सोपान घुगेला पाठवले.
तो एप्रिलपासून गावी, नांदूर शिंगोट्याला.
फोनवर खोकला, मग म्हणाला,
शेठ, उचल म्हणून धरायचे की पगार?

पगार, म्हटलं. बराच वेळानं.

मग वही काढली.
पहिल्या पानावर, देण्याच्या बाजूला,
पाटल्यांचं वजन लिहायला घेतलं.
चार तोळे.
की साडेचार?
घरी जाऊन विचारायला हवं.